घरगुती आटाचक्की घ्यावी का? मुलांच्या ताटाच्या हिशेबाने एक परीक्षण

मुलं भाकर खात नाहीत, अशी तक्रार करण्याआधी पिठाचा डबा उघडून वास घ्यावा. बाजरीत स्निग्धांश जास्त असतो. दळल्यावर त्याला हवा लागते आणि आठ-दहा दिवसांत पीठ कडसर व्हायला लागतं. ज्वारीचं पीठ इतक्या लवकर कडू होत नाही, पण त्याची विरी, म्हणजे धरून ठेवणारा चिकटपणा, जाते. मग भाकर थापताना कडा फाटतात आणि ताटात येईपर्यंत ती कोरडी होते. मोठी माणसं तीच भाकर वरणात कुस्करून खातात. मूल दोन घास चावतं आणि पोळी मागतं. मोहल्ल्यातल्या चक्कीवर किलोभर नाचणी किंवा ज्वारी न्यावी, तर आधीच्या गव्हाचं पीठ त्यात मिसळतं. म्हणून घरोघरी पाच किलो ज्वारी एकदाच दळली जाते आणि महिनाभर पुरवली जाते.

घरगुती आटाचक्की इथेच कामाची आहे. किलोभर दळण, हवं तेव्हा, हवं तितकं बारीक. हे परीक्षण एक हॉर्सपॉवरच्या, ब्लेड आणि जाळीवर चालणाऱ्या यंत्रांचं आहे. नागपूरच्या सीताबर्डी-इतवारीच्या दुकानांत याच जातीची यंत्रं जास्त दिसतात आणि किंमत साधारण 15 ते 20 हजारांच्या घरात असते. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट, म्हणजे अर्ध्या तासाच्या दळणाला अर्धं युनिटही वीज लागत नाही. अर्थिंग असलेला 16 अँपिअरचा पॉइंट मात्र हवाच. एक्स्टेंशन बोर्डवर हे यंत्र चालवू नये.

सगळी मेख जाळीत आहे. गव्हाच्या जाळीवर नाचणी टाकली, तर बारीक दाणे अर्धवट भरडलेले किंवा अख्खेच खाली पडतात आणि पोळीत कचकच लागते. ती कचकच एकदा दाताखाली आली की मूल पुढचा महिनाभर नाचणीला हात लावत नाही. म्हणून गहू आणि नाचणी एकत्र दळू नका. नाचणी सगळ्यात बारीक जाळीवर वेगळी दळा आणि मग चार वाट्या गव्हाच्या पिठाला एक वाटी मिसळा. याहून जास्त घातली तर पोळी लाटताना तुटते आणि गार झाली की चिवट होते. प्रमाण कमी वाटेल, पण फायदा मोठा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हाच्या पिठात जेमतेम 31.

ज्वारीसाठीही बारीकच जाळी. एक वाटी ताज्या पिठाला पाऊण वाटी उकळतं पाणी, झाकून पाच मिनिटं, मग तळहाताने चांगलं मळणं. मुलांसाठी लहान आणि पातळ थापा. शाळेच्या डब्यात भाकर देऊ नका, दुपारपर्यंत ती कडक होते. डब्याला नाचणीची पोळी किंवा थालीपीठ, भाकर रात्री तव्यावरून थेट ताटात, सगळ्यांच्या बरोबर. मुलासाठी वेगळी पोळी करायची पद्धत सुरू झाली की भाकर त्याच्या लेखी कायमची मोठ्यांची होते. पहिल्या दिवशी चतकोरच वाढा. नवी चव पटायला आठ-दहा वेळा ती समोर यावी लागते, आणि त्यातली निम्मी ताटं उष्टी राहतील.

या यंत्राची सगळ्यात मोठी देणगी मात्र जाड जाळी आहे, कारण ती चण्याच्या डाळीचा भरडा देते. आपल्याकडच्या गोळाभाताइतकं मुलांच्या पसंतीचं आणि पोटभरीचं जेवण शोधून सापडायचं नाही, आणि तो बाजारच्या बारीक बेसनात नेहमी फसतो: गोळे घट्ट, रबरासारखे होतात. एक वाटी भरडा, दोन मोठे चमचे तेलाचं मोहन, हळद, हिंग, मीठ, मुलांच्या बेताने तिखट, मूठभर बारीक चिरलेली मेथी. पाणी चमच्या-चमच्याने, गोळा जेमतेम वळण्यापुरतं. पाणी जास्त झालं की गोळे भातात विरघळतात, मोहन कमी पडलं की आतून कोरडे राहतात. भात पाऊण शिजला आणि वर थोडं पाणी दिसत असलं, की गोळे त्यात ठेवून झाकण लावा आणि मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं वाफ द्या. वाढताना गोळा फोडून वर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी. तांदूळ आणि डाळ एकत्र आल्याने प्रथिनांची कसर भरून निघते. सोबत कढी.

भाजणीही छान होते: ज्वारी 500 ग्रॅम, गहू, तांदूळ आणि चण्याची डाळ प्रत्येकी 250, उडदाची डाळ 125, धणे 50, जिरे 25. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजून पूर्ण गार करा. गरम दळली तर वाफेने जाळी बसते. दळणाचा क्रमही पाळा. आधी तांदूळ, मग ज्वारी, नाचणी, भाजणी शेवटी; कारण मूठभर पीठ आत राहतंच आणि धण्याचा वास पुढच्या पिठाला लागतो.

आता खोडी. ओलसर धान्य हा या यंत्राचा शत्रू. पावसाळ्यात धुतलेले गहू पंख्याखाली नीट वाळत नाहीत, त्यामुळे धुवायचंच असेल तर उन्हाळ्यात गच्चीवर वाळवून ठेवा. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. मोड आलेल्या नाचणीलाही हाच नियम. शेंगदाणे, तीळ कधीच नाही. सोयाबीन 10 किलो गव्हात किलोभरच. मे महिन्यात दुपारी चालवलं तर मोटर तापून बंद पडते, सकाळीच दळून घ्या. पीठ कोमट निघतं. ते तासभर परातीत पसरा, लगेच डब्यात कोंबलं तर गुठळ्या आणि जाळं धरतं. आवाज मिक्सरइतका आहे, तान्हं बाळ झोपलेल्या खोलीशेजारी ठेवू नये. कापडी गाळणी आणि जाळी दर दळणानंतर झटकायलाच हवी, हे काम कंटाळवाणं आहे.

घरात फक्त गव्हाची पोळी होत असेल, तर हा खर्च करू नका. मोहल्ल्यातली चक्की उत्तम आहे. आठवड्यातून तीन-चार वेळा भाकर, थालीपीठ, धिरडी होत असतील, किंवा मुलाला गहू वर्ज्य असेल, तर जरूर घ्या. गहू वर्ज्य असलेल्या घरात मात्र या यंत्रात गव्हाचा दाणाही जाऊ देऊ नये, आणि दुकानात गव्हावर चालवून दाखवलेला नमुना नको, सीलबंद यंत्रच मागा. बाकीच्यांनी घरून किलोभर नाचणी नेऊन दुकानातच दळून बघावी आणि पीठ चिमटीत घासून पाहावं. खरखर लागली तर बारीक जाळी बदलून मागा, नाहीतर दुसरं यंत्र बघा.