भुईआवळा चूर्ण, सहा महिन्यांनंतर: पानं किती, काड्या किती?

तिसरा डबा उघडला आणि हे लिहायची वेळ आली. पहिल्या डब्यातलं चूर्ण मळकट हिरवं होतं, बोटांत चोळलं की पिठासारखं लागायचं. तिसऱ्यातलं पिवळसर आहे आणि पाण्यासोबत घेतलं तरी घशात कुसळासारखं टोचतं. नाव तेच, वेष्टन तेच, वजनही तेच. भुईआवळा हे बारीक पानांचं तण यकृताच्या तक्रारींवर घेतात. ते का, हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच, त्यामुळे थेट काड्यांकडे वळू.

या झाडाची प्रत फिलँथिन आणि हायपोफिलँथिन या दोन घटकांवरून ठरवतात. दोन्ही मुख्यतः पानांत असतात, खोडात नावापुरते. चूर्णात काडी वाढली की वजन भरतं आणि औषध घटतं. ही भेसळ मुद्दाम करावी लागत नाही, नुसता निष्काळजीपणा पुरतो. झाड मुळासकट उपटून उघड्या जमिनीवर वाळत टाकलं की बारीक पानं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच गळू लागतात. मग गोळा करणारा वरच्या काड्या उचलून नेतो आणि पानांचा चुरा खाली मातीत राहतो. कापडावर किंवा कागदावर, सावलीत वाळवलं तर हाच चुरा सगळा हाती लागतो. खर्च म्हणाल तर एका कापडाचा.

घरी तपासायला मैद्याची चाळणी आणि ग्रॅम दाखवणारा वजनकाटा पुरे. १० ग्रॅम चूर्ण चाळा. पान ठिसूळ असतं, दळल्यावर त्याचं पीठ होतं. खोड तंतुमय असतं, कितीही दळलं तरी सुईसारखे तुकडे उरतात आणि चाळणीत उभे राहतात. वर राहिलेल्याचं वजन करा. पहिल्या डब्यातलं चमचाभरही वर राहत नव्हतं, तिसऱ्यातलं जवळपास निम्मं राहिलं. मग चाळलेल्यापैकी एक चमचा ग्लासभर पाण्यात ढवळून दहा मिनिटं ठेवा आणि वरचं पाणी हलकेच ओतून टाका. तळाशी बोटाला खरखरीत लागेल ती वाळू. मुळं न धुता वाळवली की ती येतेच.

ग्राहकसेवेचं उत्तर आलं: ‘नैसर्गिक उत्पादनात रंग बदलू शकतो.’ बदलतो, कबूल. उजेडात ठेवलं तरी हिरवा रंग उडतो. पण रंग उडाला म्हणून चाळणीतला चोथा वाढत नाही.

इथवर लिहून झाल्यावर डब्याची मागची बाजू पुन्हा वाचली. बारीक अक्षरात ‘पंचांग’ लिहिलं आहे. म्हणजे मूळ, खोड, पान, फूल, फळ सगळं. तेव्हा काड्या असणं ही फसवणूक म्हणता येणार नाही, तेवढा आरोप मागे. तक्रार आता प्रमाणाची. झाडावर जितकी पानं असतात तितकी डब्यात यावीत, वाटेत गळून जाऊ नयेत. लेबलवर ‘फक्त पानं’ किंवा फिलँथिनची टक्केवारी छापलेली असेल तर तो डबा आधी घ्यावा.

कडूपणावर विसंबू नका. ‘कडू म्हणजे अस्सल’ हे सर्रास ऐकायला मिळतं, पण मूठभर काडेचिराईत मिसळलं तर कोणतंही चूर्ण जहाल कडू होईल. जीभ फक्त कडू आहे एवढंच सांगते, कशाने कडू ते सांगत नाही.

काढ्याबद्दलचं मतही बदललं आहे. सुरुवातीला काढाच बरा वाटत होता: चोथा गाळला जातो, घशाला त्रास नाही. पण फिलँथिन पाण्यात फारसं विरघळत नाही, बरंचसं गाळणीतल्या चोथ्यातच राहतं. काढ्यात उतरतात ती मुख्यतः टॅनिनं (तुरट द्रव्यं) आणि पाण्यात विरघळणारी इतर द्रव्यं. ती निरुपयोगी नाहीत, पण ज्या घटकाच्या नावावर डबा विकला जातो तोच फेकून देणं खिशाला परवडत नाही. म्हणून आता वस्त्रगाळ चूर्ण, कोमट पाण्यासोबत.

मात्रा मोजायला चमचा कुचकामी आहे. चूर्णाची रूढ मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. पानांचं सपाट चमचाभर चूर्ण साधारण २ ग्रॅम भरतं, पण काड्या जास्त असल्या किंवा चूर्ण दाबून भरलं की अंदाज चुकतो. चाळलेल्या चूर्णात पानांचा वाटा जास्त, म्हणून मात्रा खालच्या टोकाला ठेवावी.

झाड स्वतः गोळा करणार असाल तर भिंग घ्या. खऱ्या भुईआवळ्याच्या, म्हणजे फिलँथस अमारसच्या, मुख्य खोडावर नेहमीची पानं नसतात. ती फक्त बाजूच्या बारीक फांद्यांवर येतात आणि फळं त्या फांद्यांखाली बारक्या देठाने लटकतात, गुळगुळीत. खोड लालसर, फळ खरबरीत आणि जवळजवळ बिनदेठाचं असेल तर ती फिलँथस युरिनेरिया, म्हणजे दुसरी जात. मुख्य खोडावरच सरळ पानं दिसली तर फिलँथस मदेरास्पटेन्सिससारखी वेगळी जात. तोडल्यावर दुधासारखा चीक निघाला तर ते झाड या कुळातलंच नाही. लेबलवर ‘निरुरी’ दिसलं म्हणून बिचकू नका. खरी निरुरी मूळची अमेरिका खंडातली, पण जुन्या पुस्तकांत ते नाव आपल्याकडच्या जातींना सरसकट चिकटलं आहे. मूठभर तण एकदम उपटलं तर त्यात खुळखुळाही येऊ शकतो. खुळखुळ्याच्या बऱ्याच जातींतले अल्कलॉइड यकृतालाच मारक असतात, तेव्हा एकेक काडी निवडा.

साठवणीत खरा धोका ओलीचा. गाठी झालेलं, कुबट वास येणारं चूर्ण टाकून द्या. उन्हात वाळवून पुन्हा चाळायचा मोह होतो (कंजूष माणसाला तर जास्तच), पण अफ्लाटॉक्सिन तयार करणारी बुरशी चाळून काढली तरी तिचं विष मागे राहतं आणि काढा उकळल्याने ते पुरतं नष्ट होत नाही. यकृतासाठी घेतलेल्या डब्यातून यकृताचंच विष पोटात जायचं!

आता ज्याची सगळे वाट पाहत असतील ते. एसजीपीटीचे, म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीतल्या एन्झाइमचे, आकडे इथे मुद्दाम दिलेले नाहीत. तपासणीच्या आदल्या आठवड्यात जड व्यायाम झाला तर एसजीपीटी आणि त्याच तपासणीतलं एसजीओटी दोन्ही चढतात. यकृतात चरबी असेल तर नुसतं वजन पाच टक्के उतरवलं तरी ते उतरू शकतात. औषध, आहार आणि व्यायाम एकाच महिन्यात सुरू करून श्रेय डब्याला देणं हा हिशेब खोटा. भुईआवळ्याचं नाव गाजलं ते १९८८ साली मद्रासच्या अभ्यासामुळे. हिपॅटायटिस बीच्या वाहकांना ३० दिवस, रोज तीनदा २०० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचा पृष्ठभाग-अँटिजेन (संसर्ग असल्याची खूण) गेला. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या २३ जणांत एकाच्या. नंतर इतर ठिकाणी हा निकाल तसाच आला नाही. तेव्हा हिपॅटायटिस बीसाठी टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर चालू असेल तर चूर्णाच्या भरवशावर ते बंद करू नका. अचानक थांबवलं तर आजार उसळून येऊ शकतो. डोळे पिवळे, लघवी गडद किंवा पोटात पाणी असेल तर चूर्ण बाजूला ठेवून आधी डॉक्टर. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी साखर वरचेवर तपासावी, ती जास्त उतरू शकते.

तिसरा डबा फेकलेला नाही. चाळून वापरणं चालू आहे, त्यामुळे तो निम्म्या दिवसांतच संपणार. चाळणीतला चोथा कुंडीत जातो. पहिल्या डब्याला पाचपैकी चार, तिसऱ्याला दोन, आणि त्यातला एक मागच्या बाजूला ‘पंचांग’ छापल्याबद्दल.