ऑनलाइन मैफल: लाइव्ह करावी की प्रीमियर?

दर आठवड्याला ऑनलाइन वाजवायचं ठरवलं की पहिला प्रश्न हाच येतो. थेट लाइव्ह जायचं, की आधी रेकॉर्ड करून यूट्यूबवर प्रीमियर लावायचा, म्हणजे तो व्हिडिओ ठरलेल्या वेळी सगळ्यांना एकदम दाखवायचा? मी वर्षभर लाइव्ह केलं, मग चार महिने प्रीमियर लावले आणि आता परत लाइव्हकडे आलोय.

आवाजाच्या बाबतीत प्रीमियर सरस, यात वाद नाही. फसलेला टेक टाकून देता येतो, गळा आणि गिटार वेगवेगळी रेकॉर्ड करता येतात, ऐन वेळी नेट जाण्याची धास्ती नसते. चॅट दोन्हीकडे आहेच.

लाइव्हची खरी अडचण म्हणजे उशीर. ‘पुढचं कुठलं घेऊ?’ असं विचारलं की उत्तर यायला माझ्याकडे पंधरा-वीस सेकंद लागायचे. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये लेटन्सी, म्हणजे हाच उशीर, ‘अल्ट्रा-लो’ ठेवली तर उशीर बहुतेकांसाठी ५ सेकंदांच्या आत येतो, पण मग फोर-केइतकं स्पष्ट चित्र मिळत नाही आणि ज्यांचं नेट कच्चं, त्यांचा व्हिडिओ अडखळतो. म्हणून मी ‘नॉर्मल’वरच राहिलो. उत्तरं येईपर्यंत एकच छोटी धून घोळवत बसायचो. दोनेक महिन्यांत असं झालं, की ती धून सुरू होताच लोक न विचारता फर्माइशी टाकू लागले.

तारेचंही तसंच. एकदा गाण्याच्या मध्येच तार तुटली. नवी चढवून सुरात लावेपर्यंत चॅटमध्ये कुणीतरी आकडे टाकायला लागलं, बाकीचे सामील झाले. तेव्हापासून माझा हात खुंटीकडे गेला रे गेला, की ‘एक, दोन, तीन’ सुरू. नवीन माणूस विचारतो, हे काय चाललंय? मग कुणीतरी त्याला तुटलेल्या तारेची गोष्ट सांगतं. कधी कधी सांगणाराही त्या दिवशी नव्हता.

पहिल्याच प्रीमियरला हे सगळं अडलं. दुसऱ्या गाण्यानंतर मी सहाव्या तारेचा सूर खाली उतरवतो, हे नेहमीच्या मंडळींना पाठ होतं. त्यांनी मोजायला सुरुवात केली. पण तार लावण्याचा तो भाग मी एडिटिंगमध्ये कापला होता. पडद्यावरचा मी थेट तिसऱ्या गाण्यात शिरलो आणि चॅट ‘दोन’वर थांबलं. पुढच्या वेळी तो भाग ठेवला. लोकांनी मोजलंही, पण लाइव्हमध्ये मी त्यांच्या आकड्यांसाठी मुद्दाम थांबतो, तसं थांबणं रेकॉर्डिंगला कुठून जमणार! चॅटमध्ये बसून मी कितीही लिहिलं तरी पडद्यावरच्या मला ते ऐकू येत नव्हतं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

२०२० च्या वसंतात, लॉकडाउनमध्ये, ब्रिटिश गायिका सोफी एलिस-बेक्स्टर दर शुक्रवारी स्वतःच्या स्वयंपाकघरातून इन्स्टाग्रामवर लाइव्ह गायची. चमचमते कपडे, रंगीत दिवे आणि पायात घुटमळणारी मुलं. रेकॉर्डिंग असतं तर मुलांना बहुधा पहिल्या टेकलाच बाजूला नेलं असतं.

तुमचं वाद्यवृंदाचं काम असेल, थर चढवून रचना बांधत असाल, तर प्रीमियरच बरा, असं मलाही वाटतं. एकट्याने वाजवणार असाल तर निदान सहा-आठ आठवडे लाइव्ह करून पाहा. वार आणि वेळ बदलू नका. १२ तासांपेक्षा छोटं लाइव्ह आपोआप जतन होतं, त्यामुळे उशिरा येणाऱ्यांचंही काही बुडत नाही. आणि गिटार आधी लावून ठेवू नका, सगळ्यांसमोरच लावा.