तानकाटे की कप्प्या? टांगलेल्या वस्तूचा ताण शिकवताना

दोरीतला ताण मुलांना दाखवायचा तर दोन मांडण्या समोर येतात. एक, दाराच्या चौकटीला दोन तानकाटे, म्हणजे स्प्रिंगचे वजनकाटे, लावून मध्ये वजन टांगायचं. दुसरी, दोन कप्प्यांवरून दोरा नेऊन दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तिन्ही ठिकाणी वजनं लावायची. इथं कोल्हापुरात मी दोन्हींवर शिकवलंय.

कप्प्यांची मांडणी दिसायला देखणी. तिन्हीकडे सारखी वजनं लावली की वरच्या दोन दोऱ्यांत 120 अंशांचा कोन व्हायला हवा, कारण तीन समान बलं त्याच कोनात एकमेकांना तोलतात. अकरावीला बलाचे घटक शिकवताना हिचा उपयोग होतो, यात शंका नाही.

अडतं ते घर्षणापाशी. साध्या कप्पीवर मधली गाठ जरा वर ढकलली तर ती तिथंच बसते, खाली ओढली तर तिथंही बसते. मग एखादी मुलगी कोनमापक हातात धरून विचारते, "सर, यातला खरा कोन कुठला?" प्रश्न रास्त असतो. पण उत्तर देताना घर्षणाचा विषय काढावा लागतो आणि ताण नीट कळायच्या आतच तास तिकडं वळतो. उद्यमनगरातून बेअरिंगची कप्पी करून घेतली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो, पण मग तोच प्रयोग मुलांना घरी करून बघता येत नाही. माझ्यापुरता निकाल इथंच लागला.

तानकाट्यांतही खोट आहे. काटा तिरपा झाला की शून्य थोडं सरकतं आणि दांडी कधीकधी कडेला घासते. तरी त्यावर जे दिसतं ते मुलं विसरत नाहीत. मी एक किलोची गुळाची ढेप फडक्यात बांधून टांगतो. दोन्ही काटे शेजारी सरळ असले की प्रत्येकावर अर्धा किलो. काटे दूर नेत गेलं की ढेप तीच, पण आकडे चढतात. दोऱ्यांत 120 अंश झाले की प्रत्येक काटा एक किलो दाखवतो, 150 अंशांला जवळजवळ दोन. वजन आणि ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या क्षणी पोरांच्या चेहऱ्यावर कळतं.

नंतर काटे काढून तालमीत जाणारी दोन पोरं दोरीच्या दोन टोकांना उभी करा आणि दोरी अगदी आडवी करायला सांगा. ती होत नाही. आडव्या दोरीला वर उचलणारा घटकच उरत नाही, मग ढेप पेलणार कोण?

घ्यायचे तर पाच किलोचे काटे घ्या. दोन किलोचे या प्रयोगात टोकाला जातात आणि एकदा स्प्रिंग ढिली पडली की आकड्यांवर विश्वास राहत नाही.