ॲसिटोनच्या ड्रमला हात घालताना: नायट्राइल की ब्यूटाइल हातमोजे?

वडोदऱ्याच्या नंदेसरी जीआयडीसीत (गुजरातमधली औद्योगिक वसाहत) कामाला असाल, तर स्टोअरमध्ये निळे नायट्राइल (एक कृत्रिम रबर) मोजे हमखास मिळतील. हेक्झेन, डिझेल, ग्रीससाठी ते उत्तम. पण ॲसिटोन किंवा एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) ओतताना तेच घातले, तर पातळ मोजा काही मिनिटांतच फुगतो, मऊ पडतो. भोक दिसत नाही, तरी द्रव रबरातून आत झिरपत असतो. हात कोरडा वाटतो म्हणून माणूस निर्धास्त राहतो.

ॲसिटोन, एमईके अशा कीटोन द्रावकांसाठी ब्यूटाइल रबराचाच मोजा घ्या. महाग, जाड, नट-बोल्ट धरताना बोटं अडखळतात (तक्रार खरी आहे), पण ॲसिटोनपुढे तासन्‌तास टिकतो. हेक्झेन-टोल्यूइनला मात्र तो नको, तिथे लवकर हार खातो.

फुगलेला मोजा वाळवून पुन्हा घालू नका. काढताना मनगटाकडून उलटा करा.