गायरानाचं काय करायचं: मियावाकी, विरळ देशी झाडं की राखलेला माळ?

गावाकडं दहा-वीस गुंठे मोकळी जागा आहे, रविवारच्या श्रमदानाला पंचवीस-तीस माणसं जमतात आणि तिथं पाखरं-फुलपाखरं यावीत अशी इच्छा आहे. सातारा-सांगली भागात अशा जागेसाठी तीन पर्याय पुढे येतात: मियावाकी घनवन (थोड्या जागेत खूप रोपं दाटीनं लावायची जपानी पद्धत), अंतर राखून लावलेली देशी झाडं-झुडपं, किंवा चराई थांबवून राखलेला गवताळ माळ. बहुतेक बैठकांत वाद रोपांच्या किमतीवर होतो. तो पाण्यावर व्हायला हवा.

मियावाकीत चौरस मीटरला तीन-चार रोपं बसतात, म्हणजे एका गुंठ्यात तीनशे ते चारशे. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी धरलं तर गुंठ्याला ४०० ते ५०० लिटर लागतात. ५,००० लिटरचा टँकर दहा-बारा दिवसांत संपतो. मार्चपासून पाऊस लागेपर्यंतचे शंभर दिवस धरा: आठ-दहा टँकर, तेही एका गुंठ्याला आणि किमान दोन उन्हाळे. त्याआधी तीन फूट खोल उकरून माती भुसभुशीत करायची, म्हणजे गुंठ्याला साधारण ३३ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम हलवायचा. हे काम कुदळ-घमेल्याचं नाही, जेसीबीचं आहे. माणसांच्या वाट्याला लागवड आणि दोन वर्षांची खुरपणी उरते. सातारा किंवा सांगली शहरातल्या शाळेत, सोसायटीत, जिथं नळ आणि ठिबक दोन्ही आहेत, तिथं एक-दोन गुंठ्यांचं घनवन चांगलं वाढतं. माणदेशात किंवा जतच्या मुरमाड माळावर ते करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरा पर्याय स्वस्त. ५ बाय ५ मीटरवर एक झाड धरलं तर दहा गुंठ्यांत चाळीस खड्डे होतात. आठवड्याला झाडामागे २० लिटर म्हणजे एकूण ८०० लिटर. तोच टँकर सहा आठवडे पुरतो. खड्डे एप्रिल-मेमध्ये दोन फूट लांब-रुंद-खोल काढून तापू द्यावेत. कडक मुरमात पहार घेऊन दोघं बसले तरी सकाळी दोन-तीनच खड्डे होतात, त्यामुळे हे काम दोन रविवारांत विभागावं. भरताना वरची माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. कच्चं शेणखत टाकलं की हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात.

झाडं निवडताना पूर्वेकडं हिवर, बोर, कडुनिंब, पळस, आपटा, बहावा, मेडशिंगी. ओढ्याकाठी करंज, उंबर, अर्जुन. मधल्या जागेत तरवड, करवंद आणि रुई. रुई उपटून टाकायची सवय सोडा: प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तिच्या पानांवर वाढतात. बाभळीसाठी रोपवाटिकेत जायची गरज नाही. शेळ्यांनी शेंगा खाऊन रवंथ करताना टाकलेलं बी गोठ्यातून गोळा करा, ते लवकर उगवतं. गिरिपुष्प, सुबाभूळ आणि गुलमोहर ही परदेशी झाडं, फुकट मिळाली तरी परत करा.

रोपं मरण्याची कारणं ठरलेली असतात. प्लॅस्टिकची पिशवी न फाडता लावलेलं रोप, पिशवीच्या तळाशी गुंडाळलेली मुळं न कापणं, आणि जुलैतल्या कार्यक्रमाचा मुहूर्त. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरला असतो. जुलैच्या भुरभुरीवर लावलेलं रोप ऑगस्टच्या उघडिपीत जातं. फोटो मात्र छान येतात.

तिसऱ्या पर्यायात लावायचं जवळजवळ काहीच नसतं, म्हणून लोकांना तो पटत नाही. पण टिटवी उघड्या खड्यांवर अंडी घालते, चंडोल गवताच्या बुडख्यात घरटं करतो, खोकडाला मोकळी नजर लागते. तिथं दाट झाडी केली की हे जीव निघून जातात. पश्चिमेकडच्या कासच्या पठारासारख्या सड्यांवर तर खड्डाही पाडू नये. तिथली फुलं पातळ मातीवर आणि उघड्या खडकावरच जगतात.

माळ राखायचा तर समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीत खणलेले चर, पुरेसे आहेत. पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेत, २०१६च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, कोरेगाव तालुका होता, त्यामुळे या भागात चर खणणारे हात तयार आहेत. चराच्या भरावावर पवन्या आणि मारवेल या गवतांचं बी टाका. घाणेरी मुळासकट काढा, नुसती छाटली तर दुप्पट फुटते. खरी अडचण चराईची. ग्रामसभेचा ठराव झाला तरी मेंढपाळाला काहीच मिळालं नाही तर कुंपण टिकत नाही. म्हणून जागेचे तीन भाग करा, दोन राखा, एक चराईला ठेवा, दरवर्षी पाळी बदला. राखलेल्या भागातलं गवत बी झडल्यावर, नोव्हेंबरनंतर, विळ्यानं कापून न्यायला मोकळं ठेवा.

कुंपण जाळीचं नको, बोराटीचं हवं. ससा-खोकड खालून ये-जा करतील एवढी फट ठेवा. डिसेंबर संपायच्या आत कडेनं दहा फुटांचा जाळपट्टा साफ करा, कारण वाळलेल्या कुसळी गवताला एक विडी पुरते.

उजाड डोंगर परत हिरवा होतो याचं उदाहरण सांगली जिल्ह्यातच आहे: सागरेश्वरचं मानवनिर्मित अभयारण्य, १०.८७ चौरस किलोमीटर. पण तिथं लागवडीइतकंच राखणीचं काम आहे.

आमची निवड अशी: नळाचं पाणी आणि दोन गुंठ्यांपर्यंत जागा असेल तर घनवन, ओढ्याकाठी किंवा बांधाला दुसरा पर्याय, उघड्या माळावर तिसरा. वीस गुंठ्यांचं गायरान असेल तर पंधरा गुंठे माळ राखून खालच्या उताराच्या पाच गुंठ्यांत वीस झाडं लावा. पाणवठा केलात तर एक बाजू उताराची ठेवा आणि आत दोन दगड टाका. सरळ काठाच्या सिमेंटच्या टाकीत ससे आणि सरडे बुडून मरतात.