रायझोबियम की ॲझोटोबॅक्टर? गच्चीतल्या कुंड्यांसाठी

हवेतला नायट्रोजन झाडाच्या कामी आणणारे हे दोन जिवाणू. बियाण्याच्या दुकानात दोन्हींची पाकिटं शेजारीशेजारी असतात आणि दुकानदार म्हणतो, "दोन्ही न्या." ठाण्यात कोपरीच्या गच्चीवर मी दोन्ही वापरलीत. आधी कुंडीत काय लावणार ते ठरवा.

वाल, चवळी लावणार असाल तर डोळे मिटून रायझोबियम. ते मुळात शिरून गाठी करतं. हवेतला नायट्रोजन फोडणारं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजन लागला की निकामी होतं, म्हणून हे जिवाणू आधी ऑक्सिजनचा अंदाज घेतात. मेथीच्या गाठीतल्या जिवाणूत हे काम फिक्सएल हे प्रथिन करतं. ऑक्सिजन उतरला की ते फिक्सजे या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं, त्यातून निफए हे तिसरं प्रथिन तयार होतं आणि निफए नायट्रोजिनेजची जनुकं चालू करतं. नायट्रोजनपासून तयार झालेला बहुतेक अमोनिया थेट झाडाला जातो. मी वालाची एक गाठ नखाने चिरून पाहिली, आत गुलाबी होती. तो लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या ऑक्सिजन धरणाऱ्या प्रथिनाचा रंग, म्हणजे कारखाना चालू.

मात्र पाकिटावर पिकाचं नाव बघा. मेथीचं रायझोबियम वालाला चालत नाही, त्याला चवळी गटाचं लागतं. आणि भाजीच्या मेथीला तर काहीच घालू नका. गाठी नीट कामाला लागेपर्यंत मेथी कढईत गेलेली असते. समुद्रमेथीचं तर विचारूच नका.

मिरची, वांगी, टोमॅटोला ॲझोटोबॅक्टर. हे मुळाबाहेर मातीत राहतं आणि इतक्या जोरात श्वसन करतं की ऑक्सिजन विकरापर्यंत पोचतच नाही. याच्यातही निफए आहे, पण त्याच्या मानगुटीवर निफएल हे आणखी एक प्रथिन बसलंय. मातीत अमोनिया आयता मिळाला की निफएल निफएला धरून ठेवतं. बरोबरच आहे, नायट्रोजनच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, किमान १६ रेणू खर्च होतात. फुकट मिळत असताना कोण करेल? शिवाय केलेली कमाई ते आधी स्वतःच खातं, झाडाच्या वाट्याला बरीचशी ते मेल्यावर येते. तेव्हा अपेक्षा बेताची ठेवा आणि कुजलेलं शेणखत भरपूर घाला.

पहिल्या वर्षी मी मिरचीला पाकिटाबरोबर चमचाभर युरियाही दिला होता. पानं काळीभोर हिरवी झाली आणि मी सोसायटीभर ॲझोटोबॅक्टरचं कौतुक करत फिरले. ती सगळी युरियाची करामत! युरिया सुटत नसेल तर दोन्ही पाकिटांचे पैसे वाचवा, कारण मातीत नत्र (नायट्रोजन) भरपूर असलं की वालही गाठी कमीच धरतो.

शहापूर-मुरबाडला भात असेल तर ॲझोस्पिरिलम हा तिसरा जिवाणू बघा, पण तेही मुळं वाढवण्यासाठी.

घेताना मुदतीची तारीख वाचा. उन्हात ठेवलेलं पाकीट मी परत करते.