पुण्यातलं मुलांच्या मधुमेहाचं क्लिनिक: समुपदेशनाला ५ स्टार, वाट बघण्याला २

माझ्या ६ वर्षांच्या मुलाला गेल्या वर्षी श्रावणात टाइप १ मधुमेह निघाला. रात्रीतून तीन-तीनदा पाणी मागायचा, गादी ओली करायला लागला, आणि एका सकाळी मोरीत त्याच्या लघवीला मुंग्या लागलेल्या दिसल्या. आधी जंताचं औषध झालं, त्यात आठ दिवस गेले. तेव्हापासून कऱ्हाडहून पहाटेच्या एसटीने आम्ही इथे येतो.

इन्शुलिन पेन, जागा बदलून सुई देणं, साखर ७०च्या खाली उतरली तर काय करायचं, हे सगळं छान शिकवतात. पण मला लिहायचंय ते इथल्या समुपदेशक ताईंबद्दल.

सातव्या महिन्यात माझी साखर वाढली होती. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १५२; १४०च्या आत हवी होती. त्यात सिझर झालं. त्यामुळे मुलाचं निदान झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोटुशी असताना आंबे खाल्लेस, त्याचं हे." मलाही ते खरंच वाटत होतं.

ताईंनी माझं रडू ओसरू दिलं, मग सांगितलं. गरोदरपणातल्या साखरेने मुलाला पुढे लठ्ठपणाचा आणि टाइप २चा धोका वाढतो, तेवढी काळजी घ्यायचीच. टाइप १ वेगळा: शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. आंब्याने तो होत नाही. सिझरचंही लपवलं नाही. बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र केले तेव्हा सिझरच्या मुलांत टाइप १ साधारण २० टक्क्यांनी जास्त दिसला. पण मुळात आजारच इतका विरळा, की ही वाढ फार थोडी, आणि ऑपरेशन हेच कारण असं सिद्ध झालेलं नाही. "बाळ आडवं होतं ना? सिझर केलं म्हणून तो आज इथे बसून चित्र रंगवतोय," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा पाच महिन्यांची आहे. दुसऱ्यालाही होईल का, विचारलं. त्यांनी केसपेपरच्या मागे पेनाने शंभर ठिपके काढले आणि सहांना गोल केला. भावंडाला होण्याची शक्यता एवढी. यांनी उरलेले ठिपके बोट ठेवून मोजले, चौऱ्याण्णवपर्यंत.

आता तक्रार. १०ची वेळ देतात आणि नंबर १२:४०ला लागतो. इन्शुलिन घेतलेल्या लेकराला वेळेवर खायला लागतं, आणि हॉलमध्ये डबा उघडू देत नाहीत. आम्ही जिन्यात बसून भाकरी खाल्ली. मुलांच्या मधुमेहाच्या दवाखान्यात हे चालणार नाही, एक बाक तरी ठेवा. माहितीपत्रकही इंग्रजीत आहे. आमच्याकडच्या आयांसाठी ते मराठीत काढाच.

पुढच्या महिन्यात सासूबाईंना सोबत नेणार आहे. ताईंनीच बोलावलंय त्यांना. ठिपक्यांचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावलाय.